कुनियोशीची मांजरं: जपानी लाकडी ठशांच्या चित्रांविषयी गप्पा

पिंपळपान
जपानी चित्रकार होकुसाईची लाट आपल्याकडे कपांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर पोचली आहे. हिरोशिगेचा पाऊसही बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. त्याच काळातल्या उतागावा कुनियोशीबद्दल मात्र आपल्यात फारसं बोलणं होत नाही. त्याच्यावर, आणि विशेषतः त्याच्या मांजरांवर, निवांत बोलावं म्हणून हा धागा. कुणी ही चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर जरूर भर घाला.

कुनियोशी एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा. जन्म १७९७ च्या अखेरीस, मृत्यू १८६१. वडील रेशीम रंगवायचे. तोयोकुनी या नावाजलेल्या चित्रकाराकडे तो शिकला, पण पुढे बरीच वर्षं हाताला म्हणावं तसं काम नव्हतं. १८२७ च्या सुमारास त्यानं एका चिनी कथेतल्या १०८ बंडखोर वीरांची चित्रमालिका सुरू केली आणि नाव झालं. अंगभर गोंदलेले, दात-ओठ खाऊन लढणारे ते पुरुष एदोच्या लोकांना इतके आवडले की त्याला 'योद्ध्यांचा कुनियोशी' म्हणायला लागले.

याच माणसाच्या घरात मांजरंच मांजरं होती. पुढे मोठा झालेला कावानाबे क्योसाई लहानपणी त्याच्याकडे शिकायला होता. १८८७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात क्योसाईनं गुरूची खोली काढून ठेवली आहे. कुनियोशी एका पोराचं चित्र तपासतोय, एक मांजर त्याला बिलगलेलं आहे, आणि आजूबाजूला आणखी मांजरं आहेत. शिष्यांनी मागे ठेवलेल्या आठवणींनुसार किमोनोच्या छातीशी जी घडी पडते तिच्यात एखादं पिल्लू ठेवूनच तो काम करायचा. मेलेल्या मांजरांच्या नावाच्या पाट्या घरातल्या देव्हाऱ्यात असायच्या, माणसांच्या असतात तशाच.

चित्रांकडे वळतो. माझं सगळ्यात लाडकं म्हणजे 'तोकाइदोची त्रेपन्न मांजरं', साधारण १८५० चं, तीन पानं शेजारी शेजारी लावून होणारं मोठं चित्र. तोकाइदो म्हणजे एदोहून क्योतोला जाणारा राजरस्ता, त्यावर मुक्कामाची ५३ ठाणी. हिरोशिगेनं १८३३-३४ मध्ये या ठाण्यांची मालिका काढली आणि ती तुफान खपली. कुनियोशीनं रस्ता, डोंगर, नद्या, सगळं बाजूला ठेवलं आणि प्रत्येक ठाण्याच्या जागी मांजर बसवलं. सुरुवातीचा पूल आणि शेवटचं क्योतो धरून ५५ जागा. प्रत्येक जागेच्या नावाशी आवाजानं जुळणारा एक शब्द शोधला आणि मांजराला तेच करायला लावलं. निहोनबाशी या पुलाशी जुळतं 'निहोन दाशी', म्हणून तिथे मांजरापुढे सुकवलेल्या बोनिटो माशाचे दोन तुकडे. ओइसो या ठाण्यासाठी 'ओमोइ झो', म्हणजे 'जड आहे रे!', म्हणून एक मांजर भलामोठा ऑक्टोपस ओढत नेतंय. कुवाना आलं की 'कुउ ना', 'खाऊ नकोस'. आणि क्योतोला तर मांजराच्या तोंडात सापडलेल्या उंदराचा शेवटचा चीत्कार.

हे कोडं सोडवण्यात एदोच्या लोकांना काय मजा आली असेल! पण जपानी न येणाऱ्या माझ्यासारख्यालाही हे चित्र तासभर धरून ठेवतं, कारण ती मांजरं खरी आहेत. एक मागचा पाय वर करून मान चाटतंय. एक पाठीची कमान करून आळस देतंय. एक दोन्ही पंजे छातीखाली घेऊन गोळा झालंय. एकाचं अंग शिकारीवर झेपावायच्या आधी जमिनीला चिकटलंय आणि फक्त ढुंगण वर आहे. मांजर पाळलेल्या कुणालाही यातलं एकही आसन अनोळखी वाटणार नाही.

माझं म्हणणं असं आहे की कुनियोशी मांजराला आधी मांजर म्हणून बघतो, मग त्याचं काय वाट्टेल ते करतो. १८४२ च्या सुमारास त्यानं मांजरांची अक्षरं केली. मांजरं एकमेकांवर रेलून, लोंबकळून, वाकून जपानी अक्षरं तयार करतात आणि त्यातून माशाचं नाव वाचता येतं: मागूर, बाम, फुगू, बोनिटो, शिवाय ऑक्टोपस. अक्षराचा फाटा जिथे वळायला हवा तिथे मांजराची पाठ वळते, आणि ती पाठ खोटी वाटत नाही. हाडं कुठे आहेत हे माहीत असल्याशिवाय हे जमत नाही. किमोनो घालून दोन पायांवर उभी केलेली मांजरंही पाहा. कपड्यांवरची नक्षी नीट बघितली तर त्यात घुंगरं, सोन्याची नाणी, मासे, ऑक्टोपस आणि अबलोनी नावाच्या समुद्री शिंपल्याचे आकार दिसतात. त्या काळी मांजराला खायला त्या शिंपल्यात द्यायचे. म्हणजे मांजराच्या कपड्यावर मांजराचंच जग.

तुमची आवडती चित्रं सांगा.

उदबत्ती
काय सुंदर लिहिलंय! ते अक्षरांचं चित्र लगेच शोधून पाहिलं. मागूर माशाच्या अक्षरात मासा आणि मांजर एकमेकांत असे गुंतलेत की कोण कुणाला पकडतंय कळत नाही.

एक शंका. ही चित्रं ठशांची, मग रेषा कुनियोशीची की ठसा कोरणाऱ्याची? मांजराच्या मिशीसारखी बारीक रेघ लाकडात कशी टिकते?

ठसेकरी
उदबत्ती, मी स्वतः लाकूड कोरून छापचित्रं करतो, म्हणून उत्तर द्यायला हात शिवशिवले.

रेषा चित्रकाराची, पण आपल्या हातात येते ती कोरणाऱ्याच्या हातून. चित्रकार पातळ कागदावर शाईनं चित्र काढायचा. कोरणारा तो कागद पालथा करून जंगली चेरीच्या फळीवर चिकटवायचा आणि रेषा सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचा. मूळ चित्र त्यातच संपून जायचं. या मुख्य ठशाच्या काळ्या छापांवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवायचा आणि दर रंगाला वेगळा ठसा तयार व्हायचा. सगळे रंग एकावर एक बरोबर बसावेत म्हणून ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला खाच असते, तिला केन्तो म्हणतात. कागद त्या खाचेला टेकवायचा आणि मागून 'बारेन' नावाच्या, बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या गोल चकतीनं घासायचं. यंत्र नाही, दाब फक्त हाताचा. रंग पाण्यातले, भाताची खळ घालून. कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा, आधी ओलसर केलेला. तो इतका चिवट असतो की पुन्हा पुन्हा घासूनही फाटत नाही.

मिशीची रेघ टिकते ती चेरीमुळे. लाकूड कठीण आणि रेषे फार घट्ट. आपण शिकताना जी मऊ लाकडं वापरतो त्यांत ही रेघ पहिल्या शंभर छापांतच तुटेल. कारखान्यात कामाची वाटणीही असायची. चेहरा आणि केस मुख्य कारागीर कोरणार, कपडे आणि बाकीचं हाताखालची मुलं.

कुनियोशीच्या मांजरांबद्दल एक गोष्ट मला कोरणारा म्हणून फार भावते. तो अंगभर केस काढत बसत नाही. कडेची रेघ किंचित तुटक ठेवतो, काळे आणि नारिंगी ठिपके टाकतो, आणि उरलेलं मांजर म्हणजे कोरा कागद. त्या कोऱ्या जागेत आपल्याला केस दिसतात. पांढऱ्या मांजरासाठी आणखी एक युक्ती होती, 'काराझुरी', म्हणजे रंग न लावता ठशाचा नुसता दाब. कागदावर उठाव येतो आणि चित्र तिरपं धरलं की अंग भरल्यासारखं दिसतं. पडद्यावर हे कधीच कळत नाही.

निशिकासाई
पिंपळपान, लेख फार आवडला, पण मांजराचं सगळ्यात मोठं चित्र कुनियोशीचं नाही असं मी म्हणेन. ते हिरोशिगेचं आहे. 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं' या मालिकेतलं, १८५७ सालचं, आसाकुसाच्या भातशेतांचं आणि कोंबड्याच्या दिवशीच्या (जपानी पंचांगातला एक दिवस) जत्रेचं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एक खिडकी, गजांची. खिडकीत आखूड शेपटीचं पांढरं मांजर पाठमोरं बसून बाहेर बघतंय. बाहेर शेतं, त्यामधून जत्रेला चाललेल्या माणसांची मुंगीएवढी रांग, मागे फुजी, आकाशात पक्ष्यांची ओळ, संध्याकाळचा लालसर रंग. खिडकीच्या कट्ट्यावर वाडगा आणि टॉवेल. जमिनीवर कागदात नवे केसांचे काटे, त्यांचा आकार जत्रेत मिळणाऱ्या शुभ दंताळ्याचा. डाव्या बाजूला पडद्याची कड.

खोली योशिवारातली, म्हणजे सरकारी परवान्याच्या वेश्यावस्तीतली. तिथल्या बायकांना वस्तीबाहेर जाता येत नसे. जत्रेचा दिवस त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त गिऱ्हाइकांचा. काटे कुणीतरी भेट आणलेत, म्हणजे खोलीत माणसं आहेत, पण आपल्याला दिसतं ते फक्त मांजर. त्या बाईचं बाहेर बघणं हिरोशिगेनं मांजराकडे सोपवलंय.

ती जत्रा अजून भरते. नोव्हेंबरात कोंबड्याच्या दिवशी आसाकुसाच्या ओतोरी देवळाच्या रस्त्यावर दंताळ्यांची दुकानं लागतात. मोठं दंताळं विकलं गेलं की दुकानातली सगळी माणसं मिळून टाळ्या वाजवतात. गर्दीतून चालताना मी दरवेळी वरच्या मजल्यांच्या खिडक्यांकडे बघते.

ठसेकरी दादांनी उठावाचं सांगितलं, ते याच मांजराला लागू आहे. सुरुवातीच्या चांगल्या छापांत त्याच्या अंगाला उठाव असतो. नंतरच्या छापांत ते काम गाळलेलं दिसतं.

पिंपळपान
निशिकासाई, तुमचं वर्णन वाचून चित्र पुन्हा उघडलं. ते थोर आहेच. मी कधीच वाद घालणार नाही.

तरी फरक सांगतो. हिरोशिगेच्या खिडकीतलं मांजर आपल्याला माणसाकडे नेतं. तुम्हीच लिहिलंत, बाईचं बघणं त्याच्याकडे सोपवलंय. कुनियोशीचं मांजर कुणाच्या जागी बसलेलं नाही, निदान त्या त्रेपन्न मांजरांत तरी नाही. त्याला मासा हवाय. मला हे जास्त अवघड काम वाटतं: जनावराला कुठलाही अर्थ चिकटवायचा नाही आणि तरी बघणाऱ्याला हलू द्यायचं नाही. आणि हे दोघं एकाच साली, १७९७ मध्ये, एकाच शहरात जन्मले आणि एकाच ग्राहकवर्गासाठी काढत होते, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

कोरा कागद
'कुठलाही अर्थ चिकटवायचा नाही' हे मात्र पटलं नाही. कुनियोशीची मांजरं म्हणजे सरकारवरची टीका असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय. मिझुनो तादाकुनी या मंत्र्यानं तेन्पो सुधारणा आणल्या, त्यात १८४२ साली नटांची आणि वेश्यांची चित्रं छापायला बंदी आली. चित्रकारांचं पोट याच दोन विषयांवर. मग कुनियोशीनं नटांचे चेहरे मांजरांना लावले आणि बंदी चुकवली. तेव्हा मांजर हा मुखवटा झाला ना?

पिंपळपान
कोरा कागद, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बंदी खरी आणि तिचा फटका मोठा. चित्र छापण्याआधी तपासनिसाचा शिक्का लागायचा. तो शिक्का चित्रावरच दिसतो, आणि शिक्क्याच्या पद्धती बदलत गेल्यामुळे आज अभ्यासकांना चित्राचं साल ठरवता येतं. बंदीतून वाट काढण्यात कुनियोशीचा हात कुणी धरू शकत नव्हतं. १८४७-४८ च्या सुमारास त्यानं गोदामाच्या भिंतीवरच्या रेघोट्यांची चित्रं काढली. पोरासोरांनी खिळ्यानं ओरखडावं तशा वाकड्यातिकड्या रेघा, पण एदोतला प्रत्येक जण त्यातला नट ओळखणार. गंमत म्हणजे त्या रेघोट्यांच्या मधोमध डोक्यावर पंचा टाकून नाचणारं मांजरही आहे. आणि १८४३ चं जाळं विणणाऱ्या राक्षसी कोळ्याचं चित्र तर गाजलंच. आजारी सरदार योरिमित्सु झोपलाय, पहाऱ्यावरचे लोक पटावर खेळतायत आणि मागे राक्षसांची फौज उसळलीय. लोकांनी त्या राक्षसांत सुधारणांनी नाडलेले धंदेवाले ओळखले, इतकी कुजबुज झाली की प्रकाशकाला चित्र मागे घ्यावं लागलं.

पण मांजरं या बंदीतून जन्मली असं म्हणता येत नाही. चेंडूचे खेळ करणाऱ्या मांजराचं त्याचं चित्र १८४१ चं आहे, बंदीच्या आधीचं. कपडे घातलेली, माणसांसारखी वागणारी मांजरं तो आधीपासून काढत होता आणि ती खपत होती. बंदी आली तेव्हा नटांचे चेहरे ठेवायला त्याच्याजवळ एक तयार जागा होती, इतकंच. प्रत्येक मांजरात मंत्री शोधायला लागलो तर आपण मांजर बघणंच सोडून देऊ.

चांदणवेल
दोघांचं पटतंय. मला थोडं मागे जायचंय, कारण जपानी चित्रांतलं मांजर कुनियोशीच्या फार आधी दरबारातून आलंय.

उदा सम्राटानं ८८९ साली आपल्या रोजनिशीत एका काळ्या मांजराचं वर्णन लिहून ठेवलंय. ते चालतं कसं, अंग गोळा करून बसतं कसं, सगळं. इचिजो सम्राटाच्या मांजरीला तर दरबारी पदवी होती, हे सेइ शोनागोन या लेखिकेनं लिहिलंय. आणि अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, मुरासाकी शिकिबूच्या 'गेंजी' कादंबरीत एका मांजरामुळे आयुष्यं उद्ध्वस्त होतात. तिसरी राजकन्या पडद्यामागे उभी आहे. बाहेर अंगणात तरुण चेंडू खेळतायत. तिचं दोरीनं बांधलेलं मांजर बाहेर पळतं, दोरी पडद्यात अडकते, पडदा वर जातो आणि काशिवागी नावाच्या तरुणाला ती दिसते. पुढे ती मिळत नाही म्हणून तो तिचं मांजर मिळवतो आणि त्याला कुशीत घेऊन झोपतो. मला हा प्रसंग वाचताना दरवेळी गलबलतं.

हारुनोबू या चित्रकारानं १७६० च्या दशकात हे चित्र आपल्या काळातल्या मुलीचं करून काढलं. नाजूक मुलगी, हातात दोरी, दोरीला मांजर. राजवाडा नाही, राजकन्या नाही, पण बघणाऱ्याला दोरीवरून सगळी कथा कळायची. तेव्हा 'एक सुंदर बाई आणि मांजर' असं चित्र दिसलं की मी आधी दोरी शोधते. १७६५ पासून अनेक रंगांची छपाई रुळली, तिचा पहिला मोठा मानकरी हारुनोबूच.

दोरीचंही कारण आहे. मांजर महाग, परदेशातून आलेलं, म्हणून बांधून ठेवायचे. १६०२ साली क्योतोत हुकूम निघाला की मांजरं मोकळी सोडा. उंदीर फार माजले होते.

पोरींनो, योशितोशीचं १८८८ चं चित्रही बघा. तो कुनियोशीचा शिष्य. बायकांच्या बत्तीस भावांची मालिका, त्यातल्या एकात तरुण मुलगी पांढऱ्या मांजराला इतकं लाडानं चुरगाळतेय की मांजर वैतागलंय. चित्राचं नावच तो वैताग सांगतं. गुरूकडून काय शिकला हे त्या मांजराच्या चेहऱ्यावर दिसतं.

वेताळटेकडी
आणि भुताची मांजरं? कुनियोशीचं एक चित्र पाहिलं होतं, पडक्या देवळात प्रचंड मांजर आणि पुढे नाचणारी दोन. त्याची गोष्ट कुणाला माहीत आहे का?

निशिकासाई
ते १८४७ चं तीन पानी चित्र असणार, ओकाझाकीच्या मांजराचं. काबुकी या जपानी नाट्यप्रकारात त्सुरुया नानबोकू या नाटककाराच्या १८२७ च्या नाटकापासून ही चेटकीण-मांजर लोकप्रिय झाली. तिसरा ओनोए किकुगोरो हा नट ती भूमिका करायचा. म्हातारी बाई दिसते, पण कान मांजराचे. पुढे डोक्याला पंचे बांधून नाचणारी मांजरं आहेत, त्यांच्या शेपट्या नीट बघ. दोन दोन आहेत. मांजर फार म्हातारं झालं की शेपटी दुभंगते आणि ते 'नेकोमाता' होतं अशी समजूत होती. पिंपळपान यांच्या त्रेपन्न मांजरांतही ओकाझाकीच्या जागी 'ओ गा साके', शेपटी फाटलेलं, असंच भूत आहे.

या चित्रांत एक दिवा जवळजवळ नेहमी असतो. भुताचं मांजर दिव्याचं तेल चाटतं, कागदी दिव्यावर त्याची सावली पडते. यामागे रोजचं साधं कारण आहे. गरीब घरांत माशाचं स्वस्त तेल जाळायचे आणि मांजराला मासा हवाच असतो. रात्री उठून पाहिलं तर मागच्या पायांवर उभं राहून दिवा चाटणारं मांजर, भिंतीवर त्याची भलीमोठी सावली. घाबरायला एवढं पुरे.

नेकोमाताची भीती जुनी. चौदाव्या शतकात केन्को या भिक्षूनं एक किस्सा लिहिलाय. रात्री घरी परतणाऱ्या एका माणसावर काहीतरी झेप घेतं, तो नेकोमाता नेकोमाता म्हणून ओरडत ओढ्यात पडतो. निघतो त्याचाच कुत्रा, मालक आला म्हणून अंगावर उडी मारणारा.

वेताळटेकडी
कुत्र्याचा किस्सा जबरदस्त! मग बाकीच्या चित्रांत मांजरांच्या शेपट्या एवढ्या आखूड का? कापायचे की काय?

चांदणवेल
जातच तशी. जपानी आखूड शेपटीच्या मांजरांत एचईएस७ या जनुकात बदल असतो, त्यानं शेपटीचे मणके कमी आणि वेडेवाकडे होतात. दुभंगणाऱ्या लांब शेपटीची भीती होती, त्यामुळे लोकांनी आखूड शेपटीचीच मांजरं पसंत केली असं मानतात. एदोच्या चित्रांत सशासारखी शेपटी दिसते ती काही चित्रकाराची लहर नव्हे. त्यांच्या गल्लीत तशीच मांजरं होती.

हडसनकाठ
उशिरा आलो. न्यूयॉर्कच्या जपान सोसायटीत २०१५ साली 'मांजरांचं आयुष्य' असं प्रदर्शन होतं, हिराकी संग्रहातल्या चित्रांचं. बायको आणि मी गेलो होतो. प्रदर्शनाची मांडणी पाच दालनांत: माणसं आणि मांजरं, माणसांसारखी मांजरं, माणसांविरुद्ध मांजरं, रूप बदलणारी मांजरं आणि खेळणारी मांजरं. वर तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं त्यात जवळपास पूर्ण बसतं!

चर्चेत न आलेली दोन नावं. पहिलं योशिफुजी, तोही कुनियोशीचा शिष्य. लहान मुलांसाठी खेळण्याची छापचित्रं काढायचा, इतकी की लोक त्याला 'खेळण्यांचा योशिफुजी' म्हणत. बारकी बारकी मांजरं एकत्र येऊन एक मोठं मांजर होतं, असं त्याचं एक चित्र आहे. डोळ्यांच्या जागी घुंगरं. पुढे मेइजी काळात (१८६८-१९१२) मांजरांचं न्हाणीघर, मांजरांची शाळा, मांजरांचं दुकान असली मुलांची पानं भरपूर निघाली. मुलं ती कापायची, खेळायची, फाडायची, म्हणून आज फार थोडी उरलीत.

दुसरं कोबायाशी कियोचिका, १८७७ चं 'मांजर आणि कंदील'. कंदील आडवा पडलाय, मांजराचा पंजा आत, उंदराची शेपटी बाहेर. इथे ती स्पष्ट काळी कडेची रेघ जवळजवळ नाही, उजेड-अंधार पाश्चात्त्य तैलचित्रासारखा, आणि तरी सगळं लाकडाच्या ठशांवर. ठसेकरी, तुम्हाला हे जवळून बघायला आवडेल.

ठसेकरी
कियोचिकाचं ते चित्र मी मोठं करून कितीतरी वेळा पाहिलंय. छटा जुळवायला किती ठसे लागले असतील याचा विचार करूनच हात दुखतात. मला त्यापुढचाही काळ आवडतो. कोसोनचं काचेच्या भांड्यातल्या सोनमाशाकडे टक लावणारं मांजर आहे १९३० च्या दशकातलं. आणि इनागाकी तोमोओ, १९०२ ते १९८०. त्याच्या काळात कलाकारानं स्वतःच काढायचं, स्वतःच कोरायचं, स्वतःच छापायचं असा आग्रह आला. त्याची मांजरं कोनाकोनांची, सपाट रंगांची, लांब पायांनी चालणारी. कुनियोशीपासून पार लांब, पण चाल मांजराचीच.

उदबत्ती
इतकं वाचून घरात एखादं लावावंसं वाटतंय. मूळ छाप घेणं परवडेल का? आणि खोटं कसं ओळखायचं?

ठसेकरी
त्या काळी ही चित्रं साधारण एका वाडग्यातल्या नूडल्सच्या किमतीत मिळायची, आता प्रसिद्ध चित्रांच्या जुन्या छापांचे भाव आपल्या आवाक्याबाहेर गेलेत. दुसरा चांगला रस्ता म्हणजे जुन्या पद्धतीनं हातानं नव्यानं कोरून छापलेली प्रत. तोक्योत आदाची नावाची संस्था हेच काम करते. ते खोटं नव्हे, तसं सांगूनच विकतात.

हाताची छपाई आणि यंत्राची ओळखायला कागद उलटा करून बघ. हाताच्या छपाईत रंग कागदात मुरून मागे उमटतो, बारेनच्या गोल घासण्याच्या खुणा दिसतात. भिंगाखाली यंत्राच्या छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते, लाकडाच्या छपाईत सलग रंग. जुनं म्हणून कुणी विकत असेल आणि मागची बाजू दाखवायला तयार नसेल तर घेऊ नकोस.

फुकटात डोळे भरून बघायचं असेल तर न्यूयॉर्कचं मेट, बोस्टनचं ललित कला संग्रहालय, ब्रिटिश म्युझियम, सगळ्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर मोठ्या आकारात चित्रं ठेवलीत.

कोरा कागद
एक शेवटचं विचारतो. एवढी मांजरं विकत घेणारे कोण? सगळेच मांजरवेडे नसणार.

निशिकासाई
काही जण उंदरांसाठी घ्यायचे! खरंच. कुनियोशीचं १८४१ च्या आसपासचं एक चित्र आहे, वर रोखून बघणारं एकच मांजर. त्यावरच्या मजकुराचा आशय असा: हे चित्र घरात लावलं की उंदीर घाबरतील, हळूहळू कमी होतील आणि बाहेर आलेच तरी नासधूस करणार नाहीत.

रेशमाच्या गावांत याची गरज मोठी. उंदीर रेशमाचे किडे खातात, एका रात्रीत वर्षाचं उत्पन्न जातं. आजच्या गुन्मा प्रांतात इवामात्सु नावाचं सरदार घराणं होतं. मान मोठा, उत्पन्न बेताचं. त्या घराण्याच्या चार पिढ्यांच्या प्रमुखांनी स्वतः हातानं मांजरं रंगवली आणि ती शेतकऱ्यांच्या घरात उंदरांवर उपाय म्हणून लागायची. ही ठशाची नाहीत, कुंचल्याची आहेत. शेवटच्याला मेइजी काळात बॅरन ही पदवी मिळाली, तेव्हा लोक त्याला 'मांजर बॅरन' म्हणायला लागले.

पिंपळपान
हे माहीतच नव्हतं, निशिकासाई! कुनियोशीनंही ते उंदरांसाठीचं मांजर आपल्या नेहमीच्या हातानंच काढलंय. मान वर, पुढचे पाय रोवलेले, अंग ताणलेलं. उंदीर बघणार म्हणून त्यानं काम सोपं केलेलं नाही. गुन्मातल्या मांजरांची चित्रं कुठे पाहायला मिळतील ते समजलं तर इथेच लिहा, मी वाट बघतोय.